दोन पोती खत

रविवारी सकाळी साडेनऊला कृष्णाकाठ सोसायटीच्या सभागृहात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. दिल्लीच्या द्वारकेतली ही सोसायटी बहुतांशी मराठी सरकारी नोकरांची. एरवी आरती संपून प्रसाद सुरू झाला की उगवणारी मंडळी आज पहिल्या रांगेत रुमाल टाकून बसली होती. व्यासपीठावर पांढरे प्लास्टिकचे पाइप आडवे मांडले होते आणि पाइपांच्या भोकांतून पालक, मेथी, पुदिना असा काही तरारून वर आला होता की एप्रिलच्या उन्हात कोमेजलेल्या दिल्लीला त्याचा हेवा वाटावा.

निर्मृत्तिकानंद महाराजांनी पालकाचं एक रोप दोन बोटांनी अलगद उचललं. खाली पांढऱ्याशुभ्र मुळांची वेणी लोंबत होती.

"माती दिसते?"

"नाही!" सभागृह ओरडलं.

"धूळ तरी दिसते?"

"नाही!"

"मग हे जगलं कशावर?"

महाराजांनी रोप डोक्यावर उंच धरलं.

"श्रद्धेवर! माती म्हणजे मोह. माती सुटली की मोह सुटतो. मोह सुटला की मुळं पांढरी होतात. आणि मुळं पांढरी झाली की बुद्धी हिरवी होते!"

हिरवी बुद्धी म्हणजे नेमकं काय होतं, हे कुणी विचारलं नाही. टाळ्या मात्र कडाडल्या.

शैला शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून उभी होती. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत सोळा वर्षं नोकरी केल्यामुळे कुठलीही बाटली दिसली की आधी लेबल वाचायचं, ही तिची सवय. महाराजांपुढच्या दोन बाटल्यांना लेबलंच नव्हती. एकीत तांबूस पाणी होतं, ते सूर्यजल. दुसरीत जवळजवळ बिनरंगाचं, ते चंद्रजल. दोन्ही हिमालयात मंत्रून आणलेली.

"सूर्य आणि चंद्र निर्मळ मनातच एकत्र नांदतात," महाराज म्हणाले. "शंकेखोराच्या हातून एकत्र आले तर ग्रहण लागतं. या, अध्यक्षबाई."

मंडळाच्या अध्यक्षा विजयालक्ष्मी काकू पदर सावरत पुढे झाल्या. महाराजांचा शिष्य धीरज याने पाण्याने भरलेली बादली समोर ठेवली. काकूंनी चार टोपणं सूर्यजल ओतलं, ढवळलं, मग चार टोपणं चंद्रजल. पाणी नितळ राहिलं. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आता ज्याच्या मनात शंका असेल त्याने यावं."

कुणीच हललं नाही. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून शैलाच्या सासूबाई, अलकनंदा, उत्साहाने म्हणाल्या, "आमची सून! तिला सगळ्यातच शंका असते. दूध उतू जाणार म्हटलं तरी थर्मामीटर मागते!"

हशा पिकला. शैलाही हसली आणि पुढे गेली. धीरजने तिच्या हाती काचेचा पेला दिला, अर्धा सूर्यजलाने भरलेला. वरून चंद्रजल ओतायचं होतं. तिने ओतलं आणि बघता बघता पेल्यात पांढरे ढग उठले. क्षणात सगळा पेला पातळ ताकासारखा झाला.

"अरे बाप रे!" सभागृहातून उसासा उठला.

शैलाने पेल्याकडे पाहिलं, मग काकूंच्या बादलीकडे. "महाराज, मी बादलीत ओतून बघू?"

"आधी मन निवळू दे बेटी, पाणी आपोआप निवळेल," महाराज म्हणाले आणि माइक घेऊन पलीकडे सरकले. मग त्यांनी खरी घोषणा केली. पुढच्या रविवारी जलप्राशन. "जे पाणी मातीवाचून झाड जगवतं, ते औषधावाचून माणूस जगवणार नाही? सकाळ-संध्याकाळ तीन-तीन मोठे चमचे चंद्रजल. मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंड, सगळ्यांवर एकच. बाकीची औषधं आजपासून बंद!"

नावं नोंदवायची वही फिरली. पहिलं नाव वळणदार अक्षरात लिहिलं गेलं. ते शैलाच्या सासऱ्यांचं, भाऊसाहेबांचं होतं. शैलाचं हसू तिथेच मावळलं.

भाऊसाहेबांची मूत्रपिंडं निम्म्याहून कमी काम करत होती. शरीरातलं जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाकणं त्यांना जमत नव्हतं आणि रक्तात ते साठलं तर हृदय अडखळण्याची भीती. म्हणून शहाळं बंद, केळं बंद, टोमॅटो बंद. भाजीसुद्धा चिरून, उकळून, पाणी फेकून. ते म्हणत, "ही भाजी नव्हे, भाजीची आठवण आहे."

घरी आल्यावर शैला त्यांच्याजवळ बसली. "भाऊ, त्या पाण्यात काय आहे ते आपल्याला माहीत नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको ना."

"डॉक्टर! दोन वर्षं तो मला फक्त काय खायचं नाही ते सांगतोय," भाऊसाहेब म्हणाले. "हा पहिला माणूस भेटला जो काहीतरी घ्या म्हणाला."

हे खरं होतं, हे शैलाही जाणून होती.

सासूबाई बाल्कनीतून हाक मारत होत्या. तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी, सोसायटीतल्या बऱ्याच घरांसारखाच, महाराजांकडून दोन्ही जलांच्या बाटल्या आणि एक टब आणला होता, झाकणाला भोकं पाडलेला. भोकांतल्या स्पंजांवर मेथी पेरली होती. सुरुवातीला झकास उगवली. आता मान टाकून पडली होती. अलकनंदाबाईंनी झाकण उचललं, तर मुळं तपकिरी, बुळबुळीत आणि वास असा की शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली.

"महाराजांनी सांगितलंय," त्या हळूच म्हणाल्या. "पानं पिवळी पडली तर घरात मत्सर. पाणी हिरवं झालं तर क्रोध. आणि मुळं कुजली तर..."

"तर?"

"सासू-सुनेचं पटत नाही."

"आई, आपलं पटत नाही?"

"पटतं गं. पण मुळं खोटं बोलतील का?"

शैलाने थर्मामीटर आणला आणि टबात बुडवला. पस्तीस अंश. टबाशेजारी पाण्यात बुडबुडे सोडणारा छोटा पंप होता. त्याची पिन काढून ठेवलेली.

"हा कुणी बंद केला?"

"मी," आतून भाऊसाहेब म्हणाले. "दुपारी झोपलं की कानाशी कुणी हुक्का ओढतंय असं वाटतं."

"आई, पाणी तापलं की त्यात हवा कमी मावते. त्यात हा पंपही बंद. मुळं पाण्यात बुडून गुदमरली बिचारी."

अलकनंदाबाईंनी ऐकून घेतलं. पण पटल्याचं काही दिसलं नाही. गुदमरलेल्या मुळांपेक्षा भांडखोर सून ही जास्त ओळखीची गोष्ट होती.

बुधवारी दुपारी शैलाची लेक मैत्री शाळेतून आली ती दप्तर टाकतच म्हणाली, "आजी, तुला पता आहे? महाराजांना दोन पोती आहेत!"

मैत्री नऊ वर्षांची. जन्म दिल्लीचा, शाळा दिल्लीची. तिच्या मराठीत हिंदी इतकं मिसळलेलं की कुठे काय संपतं ते तिलाही सांगता येत नसे.

अलकनंदाबाईंच्या हातातलं लाटणं थांबलं. "काय आहेत?"

"पोती. ग्रॅंडडॉटर्स. दोन. मानेसरला राहतात आणि महाराजांना खत पाठवतात. धीरजदादा लिफ्टमध्ये फोनवर बोलत होता. किती क्यूट ना? आजकाल कोण खत लिहितं!"

"अगं, महाराज आजन्म ब्रह्मचारी आहेत!"

"तो क्या हुआ? ब्रह्मचारींना पोती नसतात का?"

आतल्या खोलीत भाऊसाहेबांना हसता हसता ठसका लागला. अलकनंदाबाईंनी पोळी तव्यावर तशीच सोडली आणि विजयालक्ष्मी काकूंना फोन लावला. "कुणाला सांगू नका हं, पण..." संध्याकाळपर्यंत ए विंगपासून डी विंगपर्यंत कुणालाच काही सांगायचं उरलं नव्हतं. एका बाजूला "ढोंगी!" आणि दुसऱ्या बाजूला "पूर्वाश्रमीच्या असतील हो," असे तट पडले. काही बायकांना तर नातींची नावंसुद्धा कळली होती.

शैला कामावरून आली तेव्हा तिला जिन्यातच तीन निरनिराळ्या हकिकती ऐकायला मिळाल्या. तिने मैत्रीला समोर बसवलं.

"धीरज हिंदीत बोलत होता की मराठीत?"

"मराठीत."

"त्याने काय म्हटलं ते जसंच्या तसं सांग. तुझं काही घालू नकोस."

मैत्रीने डोळे मिटले. पाठांतर पक्कं होतं तिचं. "हॅलो... हो, महाराजांनी सांगितलंय... मानेसरहून दोन पोती खत येऊ दे, रविवारच्या आत. मागच्यासारखं ओलं नको."

शैला इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली.

"आई, क्या हुआ?"

"अगं वेडे, मराठीत पोती म्हणजे नात नव्हे. पोतं, पोती. बोरी! आणि खत म्हणजे चिठ्ठी नव्हे, खाद!"

मैत्रीचं तोंड उघडंच राहिलं. "म्हणजे दो बोरी खाद?"

"दोन बोरी खाद. हिमालयातून आलेली नाही, मानेसरहून आलेली. आणि ओली नको होती, कारण ते क्षार हवेतला ओलावा ओढून घट्ट होतात."

"पण आई," मैत्री विचारात पडली, "झाडाला खाद दिली तर त्यात चमत्कार काय?"

"हेच," शैला म्हणाली, "दीडशे मोठ्या माणसांना विचारायचं सुचलं नाही."

दुसऱ्या दिवशी तिने सासूबाईंच्या बाटलीतलं दोन चमचे चंद्रजल छोट्या कुपीत घेतलं, साहेबांची परवानगी काढली आणि कामाचे नमुने संपल्यावर तेही यंत्राला लावलं. आकडा पाहून तिने पुन्हा तपासणी केली. तोच आला. महाराजांच्या सहा चमच्यांतून भाऊसाहेबांच्या पोटात दिवसाला दोन ग्रॅम पोटॅशियम जाणार होतं. पाच केळी खाल्ल्यासारखं. डॉक्टरांनी सबंध दिवसाच्या जेवणात मिळून तेवढ्याचीच मुभा दिली होती.

तिने तो कागद सासऱ्यांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचला, चष्मा काढला आणि सावकाश म्हणाले, "शैला, तू मनापासून करतेस हे कळतं मला. पण सगळ्यांदेखत तुझ्या हातात पाणी पांढरं झालं. मी बघितलं ते. माझ्या हातात झालं असतं, तर मी ऐकलं असतं."

"खरंच ऐकलं असतं?"

"शब्द देतो."

शैलाला एवढंच हवं होतं.

जयदीप, शैलाचा नवरा, दिल्लीबाहेरच्या मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होता. शुक्रवारी कंपनीची बस सोडून तो तिथल्या एका खतांच्या दुकानात गेला आणि शैलाने लिहून दिलेली यादी पुढे केली. दुकानदाराने हसून विचारलं, "आप भी बाबा बन रहे हो क्या?" पलीकडच्या पॉलीहाउसात वाल्मीक नावाचा एक हुशार मुलगा सॅलडची पानं पिकवायचा, असं त्याने सांगितलं. पॉलीहाउस बंद पडलं आणि वाल्मीकने भगवी वस्त्रं घेतली. उधार कधी ठेवत नाही, माल चांगला ओळखतो, असंही वर प्रमाणपत्र दिलं.

शनिवारी सकाळी मायलेकींनी स्वयंपाकघराच्या ओट्यावर वजनकाटा मांडून सूर्यजल आणि चंद्रजल तयार केलं. मैत्रीने बाटल्यांना लेबलं लावली आणि त्यांवर, आईने सांगितलं नसताना, 'पिऊ नये' असंही लिहिलं.

रविवारी सभागृह आधीपेक्षा जास्त भरलं होतं. निम्मे लोक जलप्राशनाला आले होते आणि निम्मे नातींचं काय झालं ते कळावं म्हणून. व्यासपीठावर चांदीच्या चमच्यांची रांग लागली होती. वहीतलं पहिलं नाव पुकारलं गेलं. भाऊसाहेब काठी टेकत उठले.

शैलाही उठली. "महाराज, प्राशनाआधी एक विनंती. मागच्या वेळी शंकेखोराचा पेला पांढरा झाला. आज सगळ्यात श्रद्धावान माणसाचा पेला बघू. पहिलं नाव यांचंच आहे."

"होऊन जाऊ द्या!" मागून कुणीतरी ओरडलं. महाराजांनी धीरजकडे पाहिलं, धीरजने छताकडे. तोवर विजयालक्ष्मी काकूंनी स्वतःच पेला भरून आणला होता. अर्धा सूर्यजलाने. भाऊसाहेबांनी डोळे मिटून हात जोडले, मग चंद्रजल ओतलं.

ताक.

पुढच्या रांगेतल्यांनी माना उंचावून पेल्यात डोकावलं.

"यांच्या मनात सुप्त शंका होती," महाराज गडबडीने म्हणाले. "सुप्त शंका फार वाईट."

"माझ्या?" भाऊसाहेब म्हणाले. "मी तर टोमॅटोची आमटी करायला सांगून आलोय घरी!"

"मी ओततो," पहिल्या रांगेतले नचिकेत कुलकर्णी पुढे आले. पांढरं. अलकनंदाबाई आल्या. पांढरं. काकूंना राहवेना. "मागच्या रविवारी माझं निर्मळ होतं, हो!" म्हणत त्यांनी पेला घेतला. त्यांचंही पांढरं. मग रांगच लागली आणि रांगेत हशा सुरू झाला. "वर्मांचं बघा, फुल क्रीम!"

"आता मी बादलीत ओतते," शैला म्हणाली. "मी तीच, शंकेखोर."

भरल्या बादलीत चार टोपणं सूर्यजल, ढवळून चार टोपणं चंद्रजल. पाणी नितळ. बादलीच्या तळाची कंपनीची मोहर वाचता येत होती.

"म्हणजे फरक माणसात नाही," भाऊसाहेब हळूच म्हणाले. "फरक भांड्यात आहे."

"पाण्यात आहे, भाऊ. पेल्यात पाणी घातलेलंच नव्हतं." शैलाने आपल्या लेबलं लावलेल्या बाटल्या बाहेर काढल्या. तिचा आवाज मोठा नव्हता, पण आता ऐकायला सगळे वाकले होते. "तांबूस बाटलीत कॅल्शियमचं खत आहे. रंग लोहाचा. दुसरीत सल्फेट, फॉस्फेट आणि पोटॅशियम. दाट असताना ही दोन्ही भेटली की त्यांचा न विरघळणारा साका होतो. शाळेतला खडू ज्याचा करतात ना, जिप्सम, ते त्यात असतं. बादलीभर पाण्यात तीच खतं इतकी विरळ होतात की साका धरतच नाही. म्हणूनच ही खतं दोन वेगळ्या बाटल्यांत विकतात. ग्रहणाचा काही संबंध नाही. झाडाला माती लागत नाही, मातीतलं अन्न लागतं. ते या पाण्यात आहे. हे रोपांसाठी उत्तम आहे. पण ज्याची मूत्रपिंडं दुखावली आहेत, त्याने दाट चंद्रजल रोज सहा चमचे घेतलं तर हृदय बंद पडू शकतं."

हशा थांबला. चांदीच्या चमच्यांकडे आता कुणी बघत नव्हतं.

"आणि मानेसरच्या नाती?" मागून एका बाईंनी आशेने विचारलं.

"नाती नाहीत! बोरी आहेत, बोरी!" मैत्री खुर्चीवर उभी राहून ओरडली. "मी गलत समजले होते! पोती म्हणजे बोरी, खत म्हणजे खाद!"

सभागृहाला कळायला एक क्षण लागला आणि मग जो हास्याचा लोट उठला त्यात धीरजसुद्धा सापडला. महाराज मात्र हसले नाहीत. ते पाइप आवरायला लागले तेव्हा शैला जवळ गेली.

"वाल्मीकभाऊ, पालक खरंच सुंदर पिकवता तुम्ही. तेवढंच का नाही शिकवत?"

पहिल्यांदाच ते साध्या मराठीत बोलले. "ताई, पालक शिकवतो म्हटलं तेव्हा चार माणसं आली होती. चमत्कार म्हटलं तर दीडशे येतात."

"ते दीडशे आत्ता इथे बसलेत," शैला म्हणाली. "पण ज्याला औषध सोडायला सांगितलंत, तो चारांतला असो की दीडशेतला, मेला असता."

त्यांनी मान खाली घातली. पाइप तिथेच ठेवून ते निघून गेले. औषधं बंद केलेल्या प्रत्येकाच्या घरी जाऊन ती पुन्हा सुरू करायला सांगण्याचं काम विजयालक्ष्मी काकूंनी स्वतःकडे घेतलं. मग त्यांनी माइक शैलाच्या हातात दिला. आता लोकांना सगळं तिच्याकडूनच हवं होतं. पानं पिवळी का पडतात? दिल्लीच्या खाऱ्या, जड पाण्यात झाडाला लोह उचलता येत नाही, पाण्याची आम्लता तपासून घ्या. पाणी हिरवं का होतं? टबात ऊन शिरतं, शेवाळं धरतं, बाहेरून काळा कागद गुंडाळा. झाकण घट्ट ठेवा, नाहीतर डास होतील आणि डेंग्यूवाले चलान फाडतील. मुळं कुजतात? टब सावलीत न्या, गोठवलेली पाण्याची बाटली आत सोडा, पंप चालू ठेवा.

"म्हणजे सासू-सुनेचं...?" अलकनंदाबाईंनी विचारलं.

"पंप भाऊंनी बंद केला होता, आई."

अलकनंदाबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की त्या घरात आता निदान एका जोडीचं पटत नाही हे सिद्ध व्हावं.

"शैलाताई म्हणतील ते प्रमाण!" कुलकर्णी उठून म्हणाले.

"नको," शैला पटकन म्हणाली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज चढला. "एका रविवारी तुम्ही त्यांचं ऐकलंत, दुसऱ्या रविवारी माझं ऐकाल. मग फरक काय पडला? दोन टोपणं पेल्यात ओता, दोन बादलीत ओता, आणि स्वतः बघा. बघून मग माना. जे बघू देत नाही, विचारू देत नाही, ते पोटात घालू नका. एवढंच."

दुपारी चारच्या सुमाराला कृष्णाकाठच्या बाल्कन्यांतून आरोळ्या उठू लागल्या. "आमचं पांढरं झालं!" "अरे, हमारा भी सफ़ेद!" "बादली साफ आहे, या बघायला!" बी विंगमध्ये कुणीतरी पेल्यात आधी अर्धं साधं पाणी घातलं, तेव्हा किती कमी पांढरं होतं ते मोजायला सुरुवात केली. समोरच्याने लगेच आव्हान दिलं, पाऊण पेला घालून बघा. तिसऱ्या मजल्यावर भाऊसाहेब बाही वर करून चौथ्यांदा पेला भरत होते. मैत्री वहीत आकडे लिहीत होती, आणि ते तिला पुन्हा पुन्हा दटावत होते, "घाई करू नकोस. साका खाली बसू दे, मग लिही. नीट बघ आधी."